साताऱ्याचा युवराज, वेंगीचा राजा

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. तिथून पुढची कृष्णेची वाट आपण शाळेत घोकलेली असते: कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा, मग कर्नाटक, मग आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की, एक राजघराणंही याच दिशेने पूर्वेला गेलं. सातव्या शतकात सातारा-पंढरपूरच्या टापूचा कारभार पाहणारा एक युवराज कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांमधल्या वेंगी देशात गेला आणि त्याच्या वंशजांनी तिथे सुमारे साडेचारशे वर्षं राज्य केलं. ज्या बदामीने त्याला धाडलं, ती त्याच्या मुलाच्या कारकिर्दीतच शत्रूने घेतली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत तिथलं राज्य कायमचं संपलं. थोरली पाती गेली, धाकटी टिकली.

साम्राज्याची विभागणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रोम येतं. इ.स. ३९५ मध्ये सम्राट थिओडोशियस वारला. थोरला मुलगा आर्केडियस याच्याकडे पूर्व गेली, धाकट्या होनोरियसकडे पश्चिम. पश्चिमेचं राज्य ४७६ मध्ये बुडालं. पूर्वेचं, कॉन्स्टँटिनोपलचं, थेट १४५३ पर्यंत चाललं. आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं जे झालं ते या कथेशी इतकं जुळतं की पाठ्यपुस्तकांत दोन्ही धडे शेजारी शेजारी का छापत नाहीत याचं नवल वाटतं. रोमची वाटणी आपल्याला सनावळीसकट ठाऊक असते. साताऱ्यात सापडलेल्या ताम्रपटाचं नाव साताऱ्यातल्या किती पोरांनी ऐकलंय, ते विचारून पाहावं.

त्या ताम्रपटापासूनच सुरुवात करायला हवी. ताम्रपट म्हणजे त्या काळचं जमिनीचं बक्षीसपत्र आणि सातबारा एकातच. तांब्याचे दोन-तीन पत्रे, त्यांना एका अंगाला भोक, त्यातून ओवलेली कडी आणि कडीच्या सांध्यावर राजाची मुद्रा. पत्र्यांच्या कडा किंचित उचललेल्या असतात आणि पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवतात. हाताळताना अक्षरं झिजू नयेत म्हणून. मजकुराचा क्रमही ठरलेला. आधी घराण्याची थोरवी, मग दान देणारा कोण, घेणारा कोण, गाव कुठलं, सीमा कोणत्या, आणि अखेरीस दान हिरावून घेणाऱ्याला शाप: तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. महसूल खात्याला इतका जालीम कायदा पुढे कधी करता आला नाही.

साताऱ्याचा हा पट विष्णुवर्धनाचा. बदामीचा सम्राट दुसरा पुलकेशी याचा हा धाकटा भाऊ. इतिहासात त्याला कुब्ज विष्णुवर्धन म्हणतात. पटात तो स्वतःला युवराज म्हणवतो आणि ‘विषमसिद्धी’ हे बिरुद लावतो, म्हणजे बिकट जागीही यश मिळवणारा. काळ पुलकेशीच्या राज्याचं आठवं वर्ष, इ.स. ६१७-१८. दान आहे भीमेच्या दक्षिण तीरावरच्या एका गावाचं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात याच पटावरून अनुमान काढलं की सातारा आणि पंढरपूरकडचा मुलूख काही काळ पुलकेशीने या भावाकडे सोपवला होता. म्हणजे कृष्णाकाठचा कऱ्हाड-उंब्रजचा पट्टाही त्यात आलाच.

हाच मुलूख का दिला, याचं उत्तर ऐहोळेच्या लेखात सापडतं. मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीत हा शिलालेख आहे. रविकीर्ती नावाच्या कवीने तो शके ५५६ मध्ये, म्हणजे इ.स. ६३४-३५ ला रचला, आणि जाता जाता स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी करून घेतली. महाराष्ट्राच्या इतिहासात तो मोलाचा, कारण तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यातल्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख त्यात आहे. आपल्या विषयाला त्याची सुरुवात जास्त कामाची. पुलकेशीचा बाप पहिला कीर्तिवर्मन वारला तेव्हा पोरं लहान होती, म्हणून चुलता मंगलेश गादीवर बसला. पुतण्या मोठा झाला तरी चुलत्याला गादी सोडवेना; आपल्याच मुलाला ती मिळावी असा त्याचा डाव होता. लढाई झाली. मंगलेश राज्यही गमावून बसला आणि जीवही. इ.स. ६१०च्या आसपास पुलकेशी गादीवर आला तेव्हा घरच्या भांडणाने राज्याची घडी पार विस्कटली होती. लगेच आप्पायिक आणि गोविंद हे दोघे हत्तीदळ घेऊन भीमेच्या बाजूने चालून आले. एक पळाला, दुसऱ्याला पुलकेशीने फोडून आपल्याकडे घेतलं.

म्हणजे नव्या राजाच्या उरावर पहिलं संकट आलं ते भीमेकडून. तिथेच काही वर्षांनी आपला सख्खा भाऊ युवराज म्हणून दिसतो. माझ्या मते हा योगायोग नाही. ज्या दारातून चोर शिरला होता तिथे घरचा माणूस झोपवला, इतकी साधी ही व्यवस्था होती.

पुढे पुलकेशी चारी दिशांना फिरला. नर्मदेवर हर्षवर्धनाला थोपवल्याचं सगळ्यांना माहीत असतं. पूर्वेची मोहीम त्यामानाने कमी सांगितली जाते. कोसल आणि कलिंगाचे राजे शरण आले, पिष्टपूर म्हणजे आजचं पीठापुरम पडलं, आणि कुनाळ सरोवराच्या काठी अशी लढाई झाली की पाणी रक्ताने लाल झालं, असं रविकीर्ती सांगतो. कुनाळ म्हणजे कृष्णा आणि गोदावरीच्या मुखांमधलं कोल्लेरू. याच सुपीक पट्ट्यावर, वेंगीवर, विष्णुवर्धनाची नेमणूक झाली. त्याच्या राज्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार ६२४च्या सुमारास धरतात. वेंगी म्हणजे आंध्रातल्या एलुरूजवळचं पेदवेगी. आज ते एक साधं गाव आहे.

थोरल्याने घराजवळची जमीन राखावी आणि धाकट्याला दूरच्या शिवारातला तुकडा द्यावा, ही रीत कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. त्या तुकड्याला पुढे पाणी लागतं आणि धाकट्याचा वाडा थोरल्याच्या वाड्यापेक्षा उंच होतो, हेही त्याने पाहिलेलं असतं. वेंगीचं तेच झालं. मलप्रभेच्या खोऱ्यातले बदामीचे तांबडे कडे किल्ल्याला उत्तम, पण भातशेतीला नाहीत. वेंगीकडे दोन महानद्यांचा गाळ होता, समुद्र होता, बंदरं होती. आणि पुलकेशीने चुलत्याशी लढून गादी घेतलेली होती. कर्तबगार भाऊ राजधानीपासून जितका लांब आणि जितका कामात, तितकी शांत झोप.

या वाटणीचा करार मात्र कुठेच सापडत नाही. ‘आजपासून पूर्व तुझी, पश्चिम माझी’ असं पुलकेशीने लिहून दिलेलं नाही. नेमणूक झाली, नेमलेला माणूस स्वतःच्या नावाने दानपत्रं देऊ लागला, त्याच्यामागून गादीवर त्याचा मुलगा बसला आणि बदामीहून कुणी हरकत घेतली नाही. राज्य असं न बोलता वेगळं झालं. रोमलाही ३९५ साल आपण मागाहून चिकटवलंय. त्याआधी शतकभर, डायोक्लिशियनने २८६ मध्ये मॅक्सिमियनला पश्चिमेचा भागीदार केल्यापासून, अनेक सम्राटांनी कारभार वाटून घेतला होता, आणि ३९५ नंतरही कायद्यांवर दोन्ही सम्राटांची नावं पडत होती. वाटणी झाली हे त्या काळच्या माणसाला कळलंच नसावं. पश्चिम बुडाली तेव्हा पूर्व वेगळी होती हे लक्षात आलं.

लिहून-सवरून, नदीची हद्द धरून केलेली वाटणी पाहायची तर उंब्रजहून फार लांब जायला नको. १७३१ साली कऱ्हाडजवळ जखिणवाडीला छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या चुलतभावांची भेट झाली आणि त्याच वर्षी १३ एप्रिलला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे, उत्तरेचा साताऱ्याकडे. उंब्रज अर्थातच साताऱ्याचं. कागद झाल्यामुळे वारणेवरचं भांडण मिटलं, हे मान्य करायला हवं. चालुक्यांच्या घरात असा कागद कधी झाला नाही, आणि त्यांची भांडणं पाचशे वर्षं चालली.

सन ६१० तसं विलक्षणच. पुलकेशी गादीवर आला त्याच सुमारास कॉन्स्टँटिनोपलला हेराक्लियस सम्राट झाला. हेराक्लियस वारला ६४१ मध्ये, पुलकेशी ६४२ मध्ये. दोघांमध्ये एक दुवाही आहे: इराणचा बादशहा दुसरा खुस्रो. हेराक्लियस त्याच्याशी वर्षानुवर्षं लढला. आणि खुस्रोच्या दरबारी हिंदुस्थानच्या एका राजाची पत्रं आणि भेटी आल्याचं अरबीत लिहिणारा इतिहासकार तबरी सांगतो. तो राजा पुलकेशीच, असं अनेक अभ्यासक मानतात. हेराक्लियसच्या काळात पूर्वेच्या रोमन दरबाराची भाषा लॅटिन राहिली नाही, ग्रीक झाली. तिकडे वेंगीतही भाषा बदलू लागली होती, त्याकडे येतोच.

बदामीवर घाला आला तो कांचीच्या पल्लवांचा. पुलकेशीने त्यांना आधी बरंच छळलं होतं. ६४२ मध्ये नरसिंहवर्मन पल्लवाने बदामी घेतली, पुलकेशी मारला गेला, आणि पल्लवाने ‘वातापिकोंड’ म्हणजे बदामी घेणारा असं बिरुद लावलं. बदामी बारा-तेरा वर्षं शत्रूकडे होती. अशा वेळी वेंगीचा जयसिंह, पुलकेशीचा सख्खा पुतण्या, फौज घेऊन धावला का? एकाही लेखात तसं दिसत नाही. कांचीचं राज्य वेंगीच्या दक्षिणेला लागून होतं, पल्लवांचं लक्ष पश्चिमेकडे असताना त्यांच्या पाठीवर वार करायला याहून सोयीची जागा नव्हती. जयसिंह हलला नाही. दूरची पाती आता खरोखर दूर गेली होती. बदामी सोडवली ती पुलकेशीचा मुलगा पहिला विक्रमादित्य याने, ६५५च्या सुमारास.

ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू बदामी पडण्याच्या जरा आधी या दोन्ही मुलखांत येऊन गेला. महाराष्ट्राबद्दल त्याने लिहिलंय ते आपण छाती फुगवून सांगतो: उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, लढाईला जाताना हत्तींना दारू पाजतात. आंध्राची राजधानी त्याने पाहिली, ती वेंगीच असं मानतात. तिथे त्याने टिपलेली गोष्ट निराळी आहे. इथलं बोलणं मध्यदेशापेक्षा वेगळं, पण लिहिण्याची पद्धत जवळपास तीच. परक्या माणसाच्या कानाने टिपलेलं हे बारीक निरीक्षण वेंगीच्या पुढच्या चार शतकांना लागू पडतं.

साताऱ्याच्या पटातली भाषा संस्कृत. मात्र विष्णुवर्धनाच्या मुलाचा, जयसिंहाचा, विप्पर्लचा शिलालेख तेलुगूत आहे. दुसऱ्याच पिढीत दगडावर तेलुगू आली. दोनशे वर्षांनी, ८४८च्या सुमारास, वेंगीच्या गुणग विजयादित्याचा सेनापती पंडरंग याचा अद्दंकीचा लेख तर तेलुगू छंदात आहे. आणि अकराव्या शतकात राजमहेंद्रीला वेंगीच्या राजराज नरेंद्राने नन्नय्याला महाभारत तेलुगूत आणायला सांगितलं. आपण चंद्रवंशी, पांडवांच्या कुळातले, तेव्हा आपल्या पूर्वजांची कथा आपल्या लोकांच्या भाषेत ऐकावी अशी राजाची इच्छा होती. नन्नय्याचं काम अरण्यपर्वात अर्धवट राहिलं, पण तेलुगू साहित्य त्याला आदिकवी म्हणतं. भीमाकाठी संस्कृत दानपत्र देणाऱ्या युवराजाच्या वंशात तेलुगूचा आदिग्रंथ सुरू झाला, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासातही लिहायला हरकत नसावी.

भाषा बदलली तरी नाव सोडलं नाही. बदामीच्या पटांची सुरुवात ठरलेली: मानव्य गोत्राचे, हारितीपुत्र, सप्तमातृकांनी वाढवलेले, कार्तिकेयाने राखलेले, नारायणाच्या कृपेने वराहचिन्ह मिळालेले. वेंगीच्या पटांत शतकानुशतकं हीच नांदी येते आणि कडीवरच्या मुद्रेतही वराह असतो. पूर्व रोमनांचंही असंच. ते ग्रीक बोलत आणि स्वतःला रोमनच म्हणवत. ‘बायझंटाइन’ हे नाव त्यांना सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी, ते राज्य बुडाल्यावर, चिकटवलं. वेंगीवाले तर घराण्याचा इतिहास वाढवतच गेले. अकराव्या शतकातल्या पटांत म्हटलंय की चालुक्यांचे एकोणसाठ राजे आधी अयोध्येत राज्य करत होते आणि मग एकजण दक्षिणेत आला. बदामीच्या जुन्या लेखांत यातलं काही नाही. घर सुटलं की कुळाची कहाणी लांबत जाते, याचा अनुभव पुण्या-मुंबईच्या लग्नपत्रिका वाचणाऱ्याला असतोच.

इतिहासकाराच्या दृष्टीने वेंगीवाल्यांनी एक मोठं पुण्यकर्म केलं. प्रत्येक पटात ते आधीच्या सगळ्या राजांची यादी देत आणि प्रत्येकाने किती राज्य केलं तेही लिहीत. कुब्ज विष्णुवर्धन अठरा वर्षं, जयसिंह तेहतीस, आणि त्याचा भाऊ इंद्र भट्टारक फक्त सात दिवस! कोक्किली नावाचा राजा सहा महिने. सात दिवसांच्या राजाचंही नाव कुणी गाळलेलं नाही. या बेरजा जुळवत जुळवतच अभ्यासकांनी घराण्याची सनावळी बसवली.

बदामीचं राज्य संपवलं राष्ट्रकूटांच्या दंतिदुर्गाने. त्याचा शके ६७५चा, म्हणजे इ.स. ७५३-५४चा ताम्रपट कोल्हापूर जिल्ह्यात सामानगडला मिळाला. राष्ट्रकूटांनी सगळं दख्खन घेतलं. वेंगी मात्र त्यांना पूर्ण पचली नाही. दुसऱ्या विजयादित्याने बारा वर्षांत राष्ट्रकूट आणि गंगांशी १०८ लढाया केल्या आणि प्रत्येक लढाईमागे एक अशी १०८ शिवालयं बांधली, असं पट सांगतात. आकडा जपमाळेतून आलेला दिसतो, पण झगडा खरा होता. गुणग विजयादित्याच्या सैन्याने उलट स्वारी करून किरणपूर आणि विदर्भातलं अचलपूर जाळलं. पुढे राष्ट्रकूटांच्या तिसऱ्या कृष्णाने वेंगीच्या गादीवर आपल्या बाजूचा बाडप बसवला. याच तिसऱ्या कृष्णाचा ९५९चा ताम्रपट कऱ्हाडला सापडलाय. चोळांना हरवल्यावर मेलपाटीच्या छावणीतून तो दिलेला आहे. तो पट दिल्याला पंधरा वर्षं होत नाहीत तोच, ९७३ मध्ये, तैलपाने राष्ट्रकूटांना उखडलं. तो स्वतःला बदामीच्या चालुक्यांचा वारस म्हणवत होता. त्याच्या वंशजांनी पुढे कल्याणीला राजधानी केली.

आता पश्चिमेला पुन्हा चालुक्य आणि पूर्वेलाही चालुक्य. दोन्ही पात्यांनी गळ्यात गळे घालायला हवे होते. झालं उलटं. कल्याणीला वेंगी हवी होती, तंजावरच्या चोळांनाही हवी होती, आणि वेंगीने चोळांशी सोयरीक धरली. राजराज चोळाची मुलगी कुंदवै वेंगीच्या विमलादित्याला दिली. त्यांचा मुलगा राजराज नरेंद्र याने राजेंद्र चोळाची मुलगी अम्मंगदेवी केली. या दोघांचा मुलगा म्हणजे राजेंद्र चोळाचा नातू आणि राजराज चोळाचा पणतू; दोन पिढ्या आजोळ चोळांचंच होतं, आणि १०७० मध्ये चोळ घराण्यात वारस उरला नाही तेव्हा तोच त्या गादीवर बसला: पहिला कुलोत्तुंग. त्याने अर्धशतक राज्य केलं. साताऱ्याच्या युवराजाचा वंशज चोळ सम्राट झाला होता. याने सगळ्यात चिडला तो कल्याणीचा सहावा विक्रमादित्य, म्हणजे दुसरा चालुक्यच. दोघांचं वैर शेवटपर्यंत मिटलं नाही.

याच तंजावरला सहाशे वर्षांनी कृष्णाकाठच्या राज्याची आणखी एक धाकटी पाती गेली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ मध्ये तिथे राज्य स्थापलं. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले वंशाचा लांबलचक मराठी लेख कोरवला. सातारा इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं, तंजावर १८५५ मध्ये.

वेंगीपुरतं सांगायचं तर कुलोत्तुंग गादी बदलल्यावर तिथे स्वतः राहिला नाही. एकेका मुलाला तो वेंगीवर पाठवत गेला. धाकट्यांची वतनदारी ही वेंगीची जुनीच ओळख. १११८ मध्ये म्हाताऱ्या बापाने वेंगीचा कारभार पाहणाऱ्या विक्रम चोळाला दक्षिणेत बोलावून घेतलं. पीठापुरमच्या १२०२च्या लेखात म्हटलंय की तो गेल्यावर वेंगी नायकाविना राहिली. कल्याणीच्या विक्रमादित्याच्या फौजा टपलेल्याच होत्या. त्या आत शिरल्या. साताऱ्याचा पट कोरून तेव्हा बरोबर पाचशे वर्षं झाली होती. थोरल्या पातीला धाकटीचा मुलूख मिळाला, तो पंधराएक वर्षं टिकला. मग चोळांनी तो परत घेतला.